डावीकडची शिट्टी

त्या दोघांना गल्लीत कुणी नावानं ओळखत नव्हतं. एक वरचा आणि एक खालचा, एवढंच. वरचा गच्चीवर उभा राहायचा, खालचा रस्त्यावर. ज्या इमारतींचे जिने पोट आत घेऊन चढावे लागतात, तिथं कपाटं, पलंग आणि शिवणयंत्रं खिडकीतून घरात घालणं हा त्यांचा धंदा होता. गच्चीच्या कठड्यावरून लोखंडी तुळई बाहेर काढायची, तिला कप्पी, कप्पीतून दोर. दोराचं एक टोक वरच्याच्या रहाटाला आणि दुसरं कुणाच्या तरी संसाराला.

वरच्याला खालचं काही दिसत नसे. मध्ये कठडा यायचा, छज्जे यायचे. ओरडून सांगावं, तर शब्द वर पोचेपर्यंत रस्त्याच्या गोंगाटात त्याची चाळण व्हायची. शिट्टी मात्र सरळ जाते. म्हणून सगळं काम शिट्टीवर चालायचं. एक लांब शिट्टी म्हणजे ओढ. एक तोकडी म्हणजे थांब. दोन तोकड्या म्हणजे खाली सोड. शेवटी मुरका मारून वर उडणारी शिट्टी म्हणजे तुळई डावीकडे फिरव. आणि लागोपाठ तीन तोकड्या म्हणजे, 'गाढवा, लक्ष कुठे आहे?' ही शेवटची धंद्याला तशी आवश्यक नव्हती, पण सगळ्यात जास्त तीच वाजायची.

उजवीकडची शिट्टी नव्हती. त्याला कारण होतं.

डावीकडची शिट्टी मी बसवली, असं खालचा म्हणायचा. ती माझी, असं वरचा म्हणायचा. एकदा जेवताना हा वाद निघाला, ताटं गार होईपर्यंत चालला, आणि दोघांनी हात धुतले ते बोलणं बंद करूनच. तेव्हा खालच्याची मुलगी शाळेत जात होती. आता तिच्या लग्नाचं चाललं होतं, तरी बोलणं बंदच. डावीकडची कुणाची हे ठरल्याशिवाय उजवीकडची काढायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. सामान उजवीकडे न्यायचं झालं तर खालचा आधी डावीकडची वाजवायचा आणि लगेच 'गाढवा' वाजवायचा. वरचा चिडून तुळई उलटीकडे ढकलायचा. काम व्हायचं.

वरचा हा खालच्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यामुळे शिट्टीत न मावणारं जे काही असेल ते तिच्यामार्फत जायचं.

"तुझ्या भावाला सांग, दोर झिजलाय."

"ताई, दाजींना सांग, दोर नाही, डोकं झिजलंय."

दोघं एकाच खोलीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर. आणि ती मध्ये उभी राहून, दोघांनी आधीच ऐकलेलं दोघांना पुन्हा ऐकवायची.

खालच्याची शिट्टी साऱ्या गल्लीत एक नंबर होती, आणि त्याचं श्रेय एका फटीला होतं. धंद्याच्या सुरुवातीला दोराचा आकडा तोंडावर बसून त्याचा पुढचा दात गेला. त्या फटीतून जो आवाज निघाला तो ऐकून त्यानं दाताचं दुःख करायचं सोडून दिलं. लोक दात सांभाळतात, तशी तो फट सांभाळायचा.

तर अशा माणसाला मुलीनं दात बसवायला लावला.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथं एक मुलगा चष्मा घ्यायला आला आणि मग डोळे ठणठणीत असताना पुन्हा पुन्हा नंबर तपासायला येत राहिला. दोघांचं ठरलं. मुलाच्या आईचा होकार तेवढा बाकी होता. ही बाई आयुष्यभर मैदानावर पंच म्हणून उभी राहिलेली. निवृत्त झाली, तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. नुकतंच तिनं तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं आणि त्याचा जिना अरुंद होता. तिनं मुलाला सांगितलं, "सामान चढवायचं काम मुलीच्या बापालाच दे. मी खाली उभी राहून बघते. माणूस काम कसं करतो ते बघितलं की घर कळतं. मग सांगते, हो की नाही."

"बाबा," मुलगी म्हणाली, "त्यांच्यासमोर ती खिडकी उघडी टाकून हसू नका. एवढा दात बसवून घ्या. आणि त्या हो म्हणेपर्यंत काढायचा नाही. शपथ घ्या."

खालच्यानं शपथ घेतली. आदल्या संध्याकाळी दंतवैद्यानं पट्टीवरचा एक दात फटीत बसवला आणि हळूहळू सवय होईल म्हणून सांगितलं.

सकाळी उठून त्यानं सवयीनं शिट्टी मारली. नुसतीच हवा निघाली, चहा गार करताना निघते तशी. बायको हसली.

"सकाळी सकाळी हसू नकोस," तो म्हणाला, आणि प्रत्येक 'स' बरोबर त्याच्या तोंडून अशी खणखणीत शिट्टी निघाली की शेजारचा कुत्रा दारात येऊन शेपूट हलवू लागला.

प्रकार थोड्याच वेळात लक्षात आला. मारायला गेलं तर शिट्टी नाही, आणि 'स' किंवा 'श' म्हटलं की न मारता शिट्टी. आठवडाभरात बसेल, असं मुलगी म्हणाली. काम आज होतं. खालचा माणूस धंद्याचा पक्का. त्यानं कुत्र्यालाच समोर बसवून सराव केला. 'श्शऽऽऽ' म्हटलं की लांब शिट्टी निघते, म्हणजे ओढ. एकदा 'स्' म्हटलं की थांब. दोनदा म्हटलं की खाली. जमलं. मुरका मात्र काही केल्या जमेना. आज डावीकडे लागणारच नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि दोर खांद्यावर टाकला.

हे सगळं वरच्याला सांगायला हवं होतं. पण बायको आणि मुलगी खिडकीत कपाट धरायला म्हणून आधीच पुढे गेल्या होत्या, आणि 'मी दात बसवलाय' याला शिट्टी ठरलेली नव्हती.

कपाट शिसवी होतं, दारावर उभा आरसा. होणाऱ्या विहीणबाई त्याच्या शेजारी पहारेकऱ्यासारख्या उभ्या होत्या.

"माझ्या आईचं आहे," त्या म्हणाल्या. "आरसा जुना आहे. तडा गेला तर मला लगेच कळेल. आणि मला कळलं की तुम्हालाही कळेल."

खालच्यानं मान डोलावली. दोर आवळला, गाठ दोनदा ओढून बघितली, कपाट भिंतीवर आपटू नये म्हणून खालून धरायचा दुसरा दोर हाताला गुंडाळला.

"तर मी काय म्हणत होते," विहीणबाईंनी सुरुवात केली.

"श्शऽऽऽऽ," खालचा म्हणाला.

कपाट उचललं गेलं. विहीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शिट्टी झाली की खेळ थांबवायचा, ही त्यांची जन्माची सवय. पण ती ओसरल्यावर त्यांच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली.

"तुम्ही मला गप्प करताय?"

"नाही, नाही! बोला ना, विहीणबाई."

कपाट संथपणे वर निघालं होतं. आरशात रस्ता, दिव्याचा खांब, समोरच्या दुकानाची पाटी अशी एकेक गोष्ट उतरत होती. खालच्याचा जीव थोडा भांड्यात पडला.

"विचारायचं एवढंच होतं," विहीणबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी स्वभावानं कशी आहे?"

ह्या प्रश्नाची तयारी त्याची कितीतरी दिवस झाली होती. "शांत आहे," तो म्हणाला.

शिट्टी. कपाट पहिल्या मजल्यापाशी गचका खाऊन थांबलं.

"आणि समंजस."

दोन शिट्ट्या. कपाट खाली यायला लागलं.

"श्शऽऽऽऽ!"

कपाट पुन्हा वर. विहीणबाईंच्या भुवया कपाटाबरोबर वर गेल्या. "हे दुसऱ्यांदा. प्रश्न मी विचारायचा आणि गप्पही मीच बसायचं?"

"नाही हो. तुम्ही विचारा. मी... मी नीट विचार करून बोलतो."

आणि तो खरोखरच विचार करू लागला. सालस. सोशिक. सरळ. साधी. हुशार. सुस्वभावी. आपल्या भाषेत मुलीचं कौतुक म्हणजे नुसता शिट्ट्यांचा कारखाना आहे, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा ध्यानात आलं. घाम पुसत त्यानं एक शब्द शोधून काढला.

"गुणी आहे."

"गुणी सगळ्यांच्याच असतात. गुण कोणता ते सांगा."

"प्रेमळ."

"ते माझ्या मुलानं बघायचं. मला काय करायचंय? भांडते का?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मुलीचा आवाज गरजला. "मामा! कपाट वर चाललंय का खाली? का दोन्हीकडे चाललंय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

विहीणबाईंनी वर बघितलं, मग खालच्याकडे बघितलं.

"हट्टी आहे," खालचा म्हणाला. दुसरं काही उरलंच नव्हतं.

"बरीच?"

"बरीच. तापट पण आहे. एकदा रागावली की दार आपटते."

"दार तुटेपर्यंत?"

"एकदा. बिजागरी."

विहीणबाईंनी गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवली. खालच्याला वाटलं, संपलं. मुलीचं लग्न आपण आपल्या हातानं, नव्हे, आपल्या दातानं मोडलं. कपाट आता तिसऱ्या मजल्यापाशी पोचलं होतं आणि त्यानं एक 'स्' म्हणून ते थांबवलं. खिडकीत बायको, मुलगी आणि नवरा मुलगा हात पसरून तयार. मुलगा आईसमोर फारसा बोलत नसे, तो नुसताच हात पसरून होता. आणि कपाट खिडकीच्या उजव्या चौकटीला अर्धं आत, अर्धं बाहेर असं टेकलं होतं. डावीकडे हवं होतं.

"हे मघापासून असं दचकत दचकत का चाललंय?" विहीणबाईंनी विचारलं. "नेहमी असंच करता काम?"

मुलीवरून जे ऐकावं लागलं, ते त्यानं गिळलं होतं. पण हे धंद्यावर आलं.

"आमचं काम एकदम शिस्तशीर!" खालचा ताडकन म्हणाला.

लागोपाठ तीन तोकड्या शिट्ट्या साऱ्या रस्त्यावरून घुमत गच्चीवर गेल्या.

 मग रहाटाला खुट्टी ठोकल्याचा आवाज आला. ठक, ठक, आणि रागानं आणखी एक ठक. कठड्यावरून वरच्याचं तोंड बाहेर आलं, लालभडक.

"ताई! दाजींना सांग, ओढ म्हणाले, ओढलं. थांब म्हणाले, थांबलो. खाली म्हणाले, वर म्हणाले, नाचायचं तेवढं नाचलो. आणि वर मी गाढव? गाढवानं ओझं वर आणून दिलंय. आता गाढव विडी ओढतंय."

बायको खिडकीतून वाकली. "अहो, तो म्हणतोय..."

"ऐकलं!" खालचा ओरडला. "त्याला म्हणावं, मी काही म्हणालो नाही! तो दात वाजला!"

"दाजी म्हणतायत दात वाजला."

"दात थंडीत वाजतात. ऊन बघ म्हणावं केवढं पडलंय."

"अरे, पण..."

कपाटाचा कोपरा चौकटीवर आपटला. आरशातला रस्ता एकदम तिरका झाला. बायकोनं दोन्ही हातांनी कोपरा कवटाळला. "पुरे झालं!" ती दोघांवर एकदमच ओरडली. "इतकी वर्षं तुमचा टपाल खात्याचा कारभार केला. आता माझे हात अडकलेत. तुमचं तुम्ही बोला!"

"तो आधी बोलला तर..."

"ताई, सांग दाजींना, ते आधी..."

तेव्हा विहीणबाईंनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली.

एकच, तोकडी. साऱ्यांचे आवाज जागच्या जागी थांबले. वरच्याची विडी तोंडापाशी थांबली. रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला.

"भांडण कशावरून आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"डावीकडची शिट्टी कुणी बसवली यावरून!" मुलगी वरून म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हापासून! मला पाठ झालंय!"

"मग कुणी बसवली?"

"मी!" गच्चीवरून आवाज आला.

"मी!" रस्त्यावरून आवाज आला.

कोपरा पुन्हा चौकटीवर आपटला. आरसा थरथरला.

खरं काय ते खालच्याला ठाऊक होतं. धंदा नवा होता, तेव्हा एकदा गच्चीवर वरच्यानं उकळता चहा तोंडाला लावला, जीभ भाजली, आणि तोंडून ही मुरक्याची शिट्टी निघाली. त्या झटक्यात त्याचा खांदा तुळईला लागला आणि तुळई डावीकडे फिरली. खाली उभ्या खालच्यानं त्याच दिवशी ठरवलं, ही डावीकडची. वाजवली मेव्हण्यानं, अर्थ लावला आपण. यातलं अर्धंच तो इतकी वर्षं सांगत आला होता.

त्यानं मुरका मारून बघितला. फूऽर्र. थुंकी हनुवटीवर आली.

म्हणजे आता बोलायला हवं होतं. आणि जे बोलायचं होतं त्यात शिट्टी हा शब्द होता. दात तोंडात ठेवून तो शब्द उच्चारला तर वरचा काय समजेल आणि कपाट कुठे जाईल, याचा नेम नव्हता. खालच्यानं खिडकीकडे बघितलं. मुलीनं त्याचा हात तोंडाकडे जाताना पाहिला. "बाबा, नाही हं!" ती म्हणाली. "शपथ घेतलीय!"

आरसा चौकटीवर घासला. विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला.

खालच्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि दात काढला. एक हात दोरात, खिशापर्यंत पोचेना. तो दात हातात धरून इकडेतिकडे बघू लागला, तोच विहीणबाईंनी तळहात पुढे केला. सामना सुरू होण्याआधी खेळाडूंच्या अंगठ्या आणि साखळ्या काढून घ्यायची त्यांची सवय होती, हात आपोआप पुढे आला. खालच्यानं त्यावर दात ठेवला.

मग त्यानं मान मागे टाकली आणि छाती फुटेल एवढ्यानं ओरडला, "अरे, डावीकडची शिट्टी तुझी! चहानं जीभ भाजली तेव्हा तूच वाजवलीस! मला तेव्हापासून माहीत आहे!"



"काय म्हणालात, दाजी?" वरच्यानं विचारलं. ताई नाही, थेट दाजी. "वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही."

"शिट्टी तुझी!"

"कोणती?"

"डावीकडची!"

"डावीकडची काय?"

"मामा!" मुलगी ओरडली. "मी वर आले ना, तर तुळईला तुम्हालाच टांगीन!"

खुट्टी निघाल्याचा आवाज आला. खालच्यानं जीभ फटीला लावली आणि मुरक्याची शिट्टी मारली. अगदी जुनी, खणखणीत, शेवटी वर उडणारी. तुळई डावीकडे फिरली. कपाट चौकटीतून असं आत गेलं, जणू त्याला आधीपासूनच घर माहीत होतं. आरशात शेवटचं आभाळ दिसलं आणि मग नवरा मुलगा दिसला, अजून हात पसरलेला.

विहीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, दात रुमालात गुंडाळला आणि खालच्याच्या हवाली केला. खालच्यानं तो खिशात टाकला. शपथ मोडली ती मोडलीच. पण तोंड मोकळं झालं होतं, आणि मघापासून जे अडकून पडलं होतं ते आता भडाभडा बाहेर आलं.

"विहीणबाई, मघाशी सांगायचं राहूनच गेलं. मुलगी आमची शांत आहे हो. सालस आहे. समंजस आहे, सोशिक आहे..."

"आणि तुम्ही काय हात पसरून उभे आहात?" खिडकीतून मुलीचा आवाज आला. "कपाट भिंतीला कोण लावणार? मामा! तुळई आत घ्या, कितीदा सांगायचं?"

आतून कपाट घाईघाईनं सरकवल्याचा आवाज आला. विहीणबाई तो कान देऊन ऐकत होत्या. ज्या मुलाला त्यांनी जन्मात झटपट हलताना पाहिलं नव्हतं, तो हलत होता.

"पुरे," त्या म्हणाल्या. "आजवर मुलीचे बाप भेटले ते सगळे सालस आणि समंजसच सांगत आले. हट्टी आहे, बिजागरी तोडते, असं सांगणारे तुम्ही पहिले. त्यावर मी हो म्हणते आहे. आता उगाच खोटं बोलून जमलेलं घालवू नका."



गच्चीवरून वरचा खाली आला, पाठोपाठ त्याची बहीणही. दोघं दोर गुंडाळू लागले.  मग वरचा बहिणीकडे वळला. "ताई, दाजींना सांग, अर्थ त्यांनी लावला होता. तेवढं मी मानतो."

"मी काहीही सांगणार नाही," बायको म्हणाली.

"ऐकलं मी," खालचा म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं सुरू झालं. डावीकडची कुणाची ते ठरलं होतं, तेव्हा आता उजवीकडची काढायला हरकत नव्हती. ती मुरक्यानं सुरू व्हावी की मुरक्यानं संपावी, यावर ते जेवताना बोलायचे, दोर ओढताना बोलायचे, लग्नाच्या याद्या करताना बोलायचे, आणि मध्ये मध्ये वाजवूनही दाखवायचे. शेजारचा कुत्रा आता दारातच मुक्कामाला आला होता.

चौथ्या दिवशी बायकोनं खालच्याच्या खिशातला रुमाल काढला, दात धुतला, तो नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला, आणि दंतवैद्याकडे निरोप धाडला की भावाचाही एक दात काढून तिथं असाच बसवून मिळेल का.